नाकाची सावली

सावली आपल्याला सर्व प्रकारची चालते. झाडाची चालते, छपराची चालते, वडीलमाणसांची तर आपण आयुष्यभर शोधत असतो. चालत नाही ती एकच, फोटोत स्वतःच्या तोंडावर पडलेली! दिवाळीत नवे कपडे घालून सारे घर अंगणात जमले की कुणाच्या तरी हातात फोन येतो आणि लगेच सूचनांचा पाऊस सुरू होतो. ‘‘इकडे उजेडात या. अहो, आजोबांच्या तोंडावर अंधार येतोय. फ्लॅश टाक रे, फ्लॅश!’’ मग एक पांढरा फटका बसतो, आठ-दहा चेहरे पिठात बुडवून काढल्यासारखे उमटतात, आणि मंडळी समाधानाने फराळाकडे वळतात. सावली गेली ना, झाले!

गंमत अशी की जिला आपण एवढे हाकलतो तिचेच नाव आपण या वस्तूला दिले आहे. छायाचित्र! मधे काही मंडळींनी ‘प्रकाशचित्र’ हा शब्द चालवून पाहिला. अर्थाने तो मूळ शब्दाला अधिक जवळचा, कारण ‘फोटोग्राफी’ म्हणजे प्रकाशाने लिहिणे. पण लोकांच्या तोंडी राहिली ती छायाच. आणि यात आपण काही एकटे नाही. विलायतेत हेन्री टॅल्बट याने १८३९ साली आपला शोध जाहीर केला तेव्हा त्यानेही त्याचे वर्णन सावली पक्की करून ठेवण्याची कला असे केले होते. ‘फोटोग्राफी’ हा शब्द त्याच वर्षी रूढ केला तो त्याचा मित्र, खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल याने. या हर्शेलचा १८६७ सालचा एक फोटो प्रसिद्ध आहे. काढणाऱ्या बाई जूलिया मार्गारेट कॅमेरॉन, जन्माने कलकत्त्याच्या. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांच्या हाती कॅमेरा आला आणि त्यांनी कोंबड्यांच्या खुराड्याची फोटोखोली केली. म्हाताऱ्या हर्शेलला त्यांनी काळोखात बसवले, पांढरे केस विसकटून ठेवले आणि एका अंगाने उजेड सोडला. प्रकाशाने लिहिणे हे नाव ज्याने चालवले तो माणूस त्या चित्रात बराचसा अंधारात आहे, आणि त्यामुळेच तो आपल्याला इतका दिसतो.

हे सारे मला पुस्तकांतून कळले ते पुष्कळ उशिरा. नाकाच्या सावलीचा पहिला धडा मी घेतला तो आमच्या वाईच्या फोटोवाल्या काकांकडे. त्यांचे दुकान म्हणजे एक लांबट खोली. शेवटी रंगवलेला पडदा, त्यावर राजवाड्याचा जिना, पुढे लाकडी स्टूल, आणि दाराशी आरशाखाली सुतळीला बांधलेला कंगवा. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसत असे. काकांचा मुख्य दिवा त्यांनी स्वतः केलेला होता. एका घमेल्याला आतून पांढरा रंग देऊन त्यात पाचशेचा बल्ब बसवलेला. तो चालू झाला की खोलीत भाकरी भाजावी इतकी धग होई.

एके दिवशी गिऱ्हाईक नव्हते. काकांनी घरून सोललेला नारळ आणला, स्टुलावर ठेवला आणि दिवा अगदी समोर आणून लावला. ‘‘काय दिसतंय?’’

‘‘नारळ,’’ मी म्हणालो.

‘‘तुला ठाऊक आहे म्हणून नारळ. नीट बघ. ताटली दिसतेय ताटली.’’

खरेच, तो गोल तपकिरी चकतीसारखा सपाट दिसत होता. मग त्यांनी दिवा हळूहळू बाजूला सरकवत थोडा वर नेला. नारळाच्या एका अंगावर सावली चढू लागली, आणि ती जसजशी चढली तसतसा नारळ पडद्यापासून सुटा होऊन, भरून, माझ्याकडे आल्यासारखा झाला. त्याच्या शिरा दिसू लागल्या. हात पुढे करून उचलावा असे वाटू लागले. ‘‘उजेडाने वस्तू दिसते,’’ काका म्हणाले, ‘‘पण तिची गोलाई सावली दाखवते.’’ माझे शिक्षण दहावीपाशी, जुन्या भाषेत मॅट्रिकपाशी, थांबले. त्यात शिकलेले पदार्थविज्ञान बहुतेक विसरलो. काकांचा नारळ विसरलो नाही.

माणसाच्या चेहऱ्यात काका सगळ्यांत आधी बघत ते नाकाच्या सावलीकडे. चेहऱ्यावरचा हा एवढासा काटा, पण दिवा कुठे आहे ते घड्याळाच्या काट्यासारखा बिनचूक सांगतो. दिवा समोरून पण बराच वर असला तर नाकाखाली फुलपाखराएवढी सावली पडते. जुन्या सिनेमातल्या नट्यांना हा उजेड फार आवडे, कारण त्याने गालाची हाडे उठून दिसतात. दिवा अगदी बाजूला नेला तर अर्धा चेहरा काळोखात जातो. तसला फोटो नाटकातल्या खलनायकाला शोभतो, पतपेढीच्या अध्यक्षांना शोभत नाही. भर दुपारचे ऊन डोक्यावरून येते तेव्हा डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात आणि हसतमुख माणूससुद्धा आठ दिवस जेवला नाही असा दिसतो. काकांची आवडती जागा यांच्या मधली. दिवा निम्मा बाजूला, निम्मा वर. मग नाकाची सावली तिरकी खाली उतरते आणि गालावरच्या सावलीला जाऊन मिळते. त्या पलीकडच्या गालावर, डोळ्याखाली, उजेडाचा एक छोटा त्रिकोण तेवढा उरतो. रेम्ब्रांट या डच चित्रकाराच्या चित्रांत असा उजेड दिसतो म्हणून फोटोवाले त्याला त्याचेच नाव देतात. काकांनी रेम्ब्रांटचे नाव ऐकले होते की नाही, मी कधी विचारले नाही. ते त्या त्रिकोणाला ‘शंकरपाळा’ म्हणत.

आणखी एक गोष्ट ते सांगत, ती म्हणजे सावलीच्या काठाची. उघडा बल्ब चेहऱ्याच्या मानाने एवढासा. त्याची सावली कात्रीने कापल्यासारखी पडते. खिडकी मोठी, तिच्या उजेडाची सावली कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते सांगता येत नाही. सूर्य केवढा तरी मोठा, पण इतका लांब की आपल्याला तो बल्बच. ढग आला की सारे आभाळच दिवा होते, आणि सावल्यांचे काठ विरघळतात. दिवा जवळ-दूर करण्यालाही हिशेब आहे. अंतर दुप्पट केले की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. म्हणून काका दिवा सरकवीत तो वीत-वीत, घाई न करता, एका डोळ्याने नाकाकडे बघत.

आता ताईच्या फोटोबद्दल सांगितले पाहिजे.

माझी थोरली बहीण सावळी. व्युत्पत्तीवाले काय म्हणायचे ते म्हणोत, माझ्या कानाला सावळी आणि सावली या सख्ख्या बहिणी वाटतात, आणि दोघींना फोटोत मिळणारी वागणूकही सारखीच. नव्वदच्या दशकातली गोष्ट. ताईला स्थळे बघायची ठरले. दाखवण्यासाठी फोटो हवा. आई तिला घेऊन काकांकडे गेली. मी बरोबर होतो. आईने निघताना ताईच्या तोंडावर पावडरचा चांगला थर दिला होता. काकांनी बघितले आणि म्हणाले, ‘‘पोरी, मागे नळ आहे. तोंड धुऊन ये. वहिनी, रागावू नका. खोबरेलाचं बोट लावलं तर चालेल, पावडर नको.’’

असे का, ते मला तेव्हा कळले नाही. गोऱ्या कातडीवर चेहऱ्याचा आकार मुख्यतः सावली दाखवते. सावळ्या कातडीवर ते काम सावलीइतकेच तिच्यावरची चमक करते. कपाळ, गालाचे हाड, नाकाची दांडी यांवरून उजेड सरकत जातो तेव्हा चेहरा घडतो. पावडर नेमकी ती चमक मारते आणि उरतो तो राखेचा रंग. काकांनी घमेले ताईच्या एका बाजूला, थोडे मागच्या अंगाला लावले, आणि दुसऱ्या बाजूला बांबूच्या चौकटीवर ताणलेले जुने पांढरे धोतर धरायला मला उभे केले. धोतरावरून परतलेला उजेड ताईच्या सावलीतल्या गालावर गेला. सावली पुसली नाही, नुसती उघडी झाली. त्या गालावरचा तीळसुद्धा दिसू लागला.

तो काळा-पांढरा फोटो घरी आला तेव्हा आई बराच वेळ बघत राहिली. पण आत्याने तो दोन बोटांत धरला आणि म्हणाली, ‘‘काळी दिसते गं. हा कुणाला पाठवायचा?’’

मग ताईला शहरात एका मोठ्या स्टुडिओत नेले. तिथे पुन्हा पावडर, दोन्ही बाजूंनी दोन सारखे दिवे, आणि धुताना आणखी काही हातचलाखी. ही हातचलाखी मला पुढे काकांनीच समजावली. अंधाऱ्या खोलीत निगेटिव्हमधून कागदावर उजेड सोडतात तो जितका कमी सोडावा तितके चित्र फिके येते. म्हणजे फोटोत माणूस गोरा व्हायचा तर कागदाला उजेड कमी द्यायचा! दोन सेकंद चोरले की मुलगी निमगोरी, चार चोरले की गोरीपान. सुरकुत्या घालवायच्या तर निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने बारीक टिपके देतात. ते सारे शास्त्र होते, आणि त्यात निपुण माणसे होती. शहरातून आलेल्या फोटोत ताई खरेच गोरी होती. फक्त ती ताई नव्हती. नाकाची सावली नाही म्हणून नाक नाही, हनुवटीखाली काही नाही म्हणून मान आणि तोंड एकच. काकांच्या भाषेत ताटली.

त्या फोटोवर दोन स्थळे आली. दोन्ही वेळा मी पोह्यांच्या बशा नेऊन ठेवत होतो. पाहुण्या बाई पर्समधून फोटो काढत, ताईकडे बघत, पुन्हा फोटोकडे. बोलत काही नसत. पहिल्यांचे पत्र आले, दुसऱ्यांनी मध्यस्थाबरोबर निरोप धाडला. मजकूर एकच होता, फोटोत मुलगी उजळ होती. वडील ते पत्र घडी घालून खिशात ठेवून ओसरीवर बसून राहिले. ताई रडेल असे आम्हांला वाटले होते. ती रडली नाही. रात्री ताटे उचलताना म्हणाली, ‘‘मला कुणी नाही म्हटलंच नाही अजून. ती दोघं त्या फोटोतल्या मुलीला शोधत होती.’’ तिसऱ्या खेपेला पाकीट तिने स्वतः भरले आणि त्यात काकांचा फोटो घातला. आत्या आठ दिवस बोलली नाही.

त्या फोटोवरून तिचे लग्न जमले असे मी म्हणणार नाही. लग्न दुसऱ्याच ओळखीतून जमले. पण तिसऱ्या पाकिटाचे जे लोक आले त्यांनी फोटो एकदाही बाहेर काढला नाही. ते सरळ तिच्याशी बोलत बसले.

सावळ्या माणसाची ही ओढाताण आपल्याच आत्याबाईंनी सुरू केली असे मात्र नाही. यंत्रानेही हात दिला आहे. आपल्याकडे ही कला फार लवकर आली. मुंबईत फोटो काढणाऱ्यांची संस्था १८५४ साली निघाली. पण त्या काळच्या काचांना तांबडा रंग दिसतच नसे. निळ्याला त्या लगेच ओळखत, तांबड्या-तपकिरीला काळे समजत. साहजिकच आपली गव्हाळ माणसे त्यांत होती त्याहून काळी उमटत, आणि सारे दालन पावडरीच्या डब्याकडे धावे. काचा सुधारल्या, फिल्म आली, रंग आले. तरी रंग जुळवण्यासाठी छपाईघरांना कोडॅककडून नमुन्याचे कार्ड जाई त्यावर कितीतरी वर्षे एका गोऱ्या बाईचाच चेहरा असे. तिचा रंग बरोबर उमटला की यंत्र बरोबर. त्या कार्डांना ‘शर्ली’ म्हणत. आत्या आणि शर्ली यांची कधी भेट झाली असती तर दोघींचे छान जमले असते.

काकांच्या धोतराचे मला पुढे पुन्हा दर्शन घडले. सत्यजित राय यांचा ‘अपराजितो’ १९५६ साली आला. त्यातले काशीचे घर कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारलेले. तशा घराच्या चौकात आभाळातून झिरपणारा, सावलीला काठ नसलेला उजेड असतो. तो बल्बांनी कसा आणायचा? छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी चौकावर पांढरे कापड ताणले, दिव्यांची तोंडे माणसांवर न धरता त्या कापडाकडे वळवली, आणि कापडावरून परतलेल्या उजेडात चित्रण केले. सिनेमाच्या इतिहासात त्याचे नाव झाले, आणि ते योग्यच आहे. पण वाचताना माझ्या डोळ्यांसमोर मात्र बांबूची चौकट आली आणि हात उगीच दुखू लागला.

दिवाळी आहे म्हणून आणखी एका चित्राची आठवण. हाताआड दिवा धरून उभी असलेली स्त्री तुम्ही नक्की पाहिली असेल, निदान कॅलेंडरवर तरी. पुष्कळांना ते राजा रविवर्म्यांचे वाटते. ते जलरंगातले चित्र आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी १९४५-४६च्या सुमारास काढले, स्वतःच्याच मुलीला समोर उभे करून, आणि ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्या चित्रात ज्योत जवळजवळ दिसतच नाही. ती बोटांआड आहे. उजेड दिसतो तो बोटांच्या कडांतून आणि चेहऱ्यावर. बाकी सगळीकडे हळदणकरांनी अंधाराला मोकळेपणाने जागा दिली आहे. त्या खोलीत कुणी ट्यूबलाइट लावला असता तर काय उरले असते? एक बाई, हातात दिवा.

तुम्हांला घरी करून पाहायचे तर पणती चेहऱ्याच्या खाली धरू नका. खालून आलेला उजेड चांगल्या माणसाची हडळ करतो. हनुवटीच्या उंचीवर, हातभर पुढे आणि एका अंगाला ठेवा, साडीचा पदर सांभाळा, आणि फ्लॅश बंद करा. फोन मात्र आपणहून लुडबुड करील. त्याला अंधार सहन होत नाही. तो सावल्या उपसून उजळ करतो आणि न विचारता गालही गुळगुळीत करून देतो. ही सोय बंद करण्याची कळ आतमध्ये कुठेतरी असते. शोधायला लागते, पण सापडते.

मला ती शोधावी लागली ती वर्गातल्या एका मुलीसाठी. आमची शाळा वाईपासून आत, डोंगराच्या कुशीत. दरवर्षी दहावीच्या मुलांचा एकत्र फोटो निघतो, आणि त्या वर्षी एक मुलगी ऐन वेळी मागच्या रांगेत खाली वाकली. फोटोत ती नाहीच. विचारले तर म्हणाली, ‘‘सर, मी फोटोत नसतेच. नुसते दात येतात.’’ सगळा वर्ग हसला, तीही हसली. तिचे हसणे मला आवडले नाही.

तिचे म्हणणे खोटे नव्हते. शाळेची भिंत पांढरी. फोन सगळ्या दृश्याचा उजेड मिळून मोजतो. भिंत भगभगते म्हणून तो चित्र आवरते घेतो, आणि सावळा चेहरा त्यात काळा होऊन जातो. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी वर्गातले बाक सरकवले आणि स्टूल फळ्यापुढे मांडले. फळा काळा, त्याच्यापुढे तिचा चेहरा आपोआप उजळ. डाव्या हाताला उत्तरेची मोठी खिडकी, बाहेर पावसाळी आभाळ. उजव्या बाजूला तिच्या दोन मैत्रिणींनी स्नेहसंमेलनाचा पांढरा पडदा ताणून धरला. तिला खिडकीकडे अर्धे वळून बसायला सांगितले. पावडर विचारायचा प्रश्न नव्हता. पावसातून भिजत आली होती, गाल ओले होते. नाकाची सावली तिरकी उतरली आणि पलीकडच्या गालावर शंकरपाळा आला.

फोन तिच्या हातात दिला. तिने दोन बोटांनी चित्र मोठे केले, आणखी मोठे केले. गाल नाही, रंग नाही, ती डोळा बघत होती.

‘‘सर, माझ्या डोळ्यात खिडकी आहे.’’

होती. चार गजांची, ओल्या आभाळाची, तांदळाएवढी खिडकी.

परीक्षेच्या फॉर्मावर तो फोटो अर्थातच चालणार नव्हता. तिथे मागे पांढरे लागते, दोन्ही गालांवर सारखा उजेड लागतो, सावली कुठेच नको असते. तसा एक तिने गावातून काढून आणला. हा मी कागदावर मोठा करून घेतला आणि तिला दिला. पुढच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत वर्गावर गेलो तर स्टूल फळ्यापुढे आधीच मांडलेले होते, आणखी चार मुली रांगेत होत्या, आणि पडदा कुणी धरायचा यावरून भांडण चालले होते.